सायनस लिफ्ट: नुसत्या पीआरपीने हाड भरत नाही

वरच्या दाढा काढून बरीच वर्षं झाली की तिथलं हाड झिजतं, वरची सायनसची (गालाच्या हाडातली हवेची) पोकळी खाली उतरते आणि इम्प्लांट, म्हणजे दाताच्या मुळाच्या जागी हाडात बसवायचा स्क्रू, बसवायला हाडाची उंची पुरत नाही. मग सायनसचा पडदा उचलून खाली हाड तयार होऊ देतात, ती सायनस लिफ्ट; त्या जागेत सहसा हाडासारखे दाणे भरतात, तो बोन ग्राफ्ट. अशा पेशंटांमध्ये सध्या पीआरपीबद्दल (प्लेटलेट-रिच प्लाझ्मा, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट एकवटलेला रक्ताचा भाग) एक मेसेज फिरतोय: ‘सायनस लिफ्टला आता बोन ग्राफ्ट लागत नाही. स्वतःच्या रक्तातली पीआरपी घातली की हाड तयार होतं, तेही निम्म्या वेळात. रक्त आपलंच, म्हणून धोका शून्य.’

आधी हाडाचं बघू. रक्ताची ट्यूब सेंट्रिफ्यूजमधून काढली की तळाशी लाल पेशी, वर पिवळसर प्लाझ्मा आणि मधे पांढुरका पातळ थर दिसतो. प्लेटलेट त्या थरात आणि त्याच्या लगतच्या प्लाझ्मात एकवटतात. त्यांतून पाझरणारी द्रव्यं आसपासच्या जिवंत पेशींना कामाला लावतात, पण जिथे पेशीच नाहीत तिथे हाड घडवत नाहीत. शिवाय सायनसचा पातळ पडदा उचलल्यावर तो वरच राहायला हवा. जबड्याच्या बाजूला पाडलेल्या खिडकीतून पाहिलं तर शाबूत पडदा श्वासाबरोबर वरखाली होताना दिसतो. पीआरपीचं मऊ जेल त्याला महिनोन्‌महिने तोलून धरूच शकत नाही. ते काम ग्राफ्टचे दाणे करतात.

या मेसेजना आधार म्हणून जबड्याचे सर्जन रॉबर्ट मार्क्स यांचं 1998 चं संशोधन दाखवलं जातं. ते खालच्या जबड्यातल्या मोठ्या तुटींवर होतं, आणि पीआरपी पेशंटच्याच हाडाच्या ग्राफ्टमध्ये मिसळली होती. म्हणजे ग्राफ्ट होताच! ग्राफ्टशिवाय सायनस लिफ्ट होते हे खरं, पण तिथे इम्प्लांटच तंबूच्या खांबासारखे पडदा धरून ठेवतात आणि खालच्या रक्ताच्या गुठळीत हाड धरतं. त्यासाठी इम्प्लांट घट्ट बसेल इतकं मूळ हाड शिल्लक लागतं.

निम्मा वेळ? प्लेटलेटमधल्या त्या द्रव्यांचा बहुतेक साठा पहिल्या तासाभरात मोकळा होतो आणि हाड पक्कं व्हायला साधारण सहा महिने जातात. 2014 च्या कॉक्रेन आढाव्यात (कॉक्रेन ही वैद्यकीय अभ्यास एकत्र करून तपासणारी संस्था) पीआरपीमुळे सायनस लिफ्टचा निकाल सुधारतो याचा पुरावा मिळाला नाही. या आशेवर इम्प्लांटवर घाईने दात चढवणं मला धोक्याचं वाटतं.

रक्त आपलंच असल्याने दुसऱ्याचा आजार लागत नाही, एवढंच खरं. पडदा फाटणं, सायनसला इन्फेक्शन होणं हे धोके ऑपरेशनचे आहेत आणि ते तसेच राहतात. तंबाखू किंवा आटोक्यात नसलेली शुगर असेल तर जखम भरण्याची अडचण पीआरपीने मिटत नाही. जेलमुळे दाणे एकत्र धरून भरायला सोपे जातात, हा फायदा मात्र मान्य.

गाईगुरांच्या हाडापासून केलेला ग्राफ्ट नको, म्हणून अनेकजण या मेसेजकडे वळतात. ही हरकत रास्त आहे आणि तिला सरळ उत्तर आहे: कॅल्शियम फॉस्फेटचे कृत्रिम ग्राफ्ट मिळतात. ऑपरेशनच्या आधी डॉक्टरांकडून ग्राफ्टचं नाव लिहून घ्या आणि तो कशापासून केलाय ते स्पष्ट विचारा.