आपोआप, पण सगळ्यांसाठी नाही
समोरच्याचे हावभाव आपला चेहरा आरशासारखा परत करतो, असं हावभावांवरच्या एका लेखात म्हटलंय. मला ते अर्धंच पटलं. स्वीडनमध्ये मानसशास्त्रज्ञ उल्फ डिमबर्ग यांच्या चमूने २००० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात हसरे आणि रागीट चेहरे जेमतेम ३० मिलिसेकंद दाखवले होते. ते बघणाऱ्यांच्या ध्यानातही आले नाहीत, तरी हसऱ्या चेहऱ्याला गालाचा स्नायू हलला, रागीट चेहऱ्याला भुवईचा. इथवर आपोआप, मान्य. पण नात्याचं काय? लस टोचताना बाळाने तोंड वाकडं केलं की आईचंही होतं. सुई धरलेल्या नर्सचं सहसा होत नाही. उर्सुला हेस आणि अग्नेटा फिशर या मानसशास्त्रज्ञांनी नेमका हाच जवळिकीचा मुद्दा मांडलाय. लेखात तो यायलाच हवा होता.