मोटर बदलली, बिल घेतलं, पुढची चाकं ढिम्म!

काल पुन्हा तेच. बागेचा चढ, माझ्या फोर बाय फोर गाडीच्या हौद्यात कलमांच्या खताच्या वीस गोण्या, खाली लाल चिखल. नॉब फोर-एचवर, म्हणजे चारही चाकांना ताकद देण्यावर, टाकला तर मीटरमधला दिवा नुसता लुकलुकतोय. पुढची चाकं हलायला तयार नाहीत, मागची जागच्या जागी फिरून एक्सलपर्यंत रुतली. भर पावसात गावातला जेसीबी बोलावून गाडी ओढून काढली. दीड हजार त्याचे. संताप संताप झालाय!

कोकणात फोर बाय फोरचे जादा पैसे माणूस मोजतो ते याच चार महिन्यांसाठी. आणि नेमके हेच दिवस गाडी वर्कशॉपात. तीन खेपा झाल्या. पहिल्यांदा स्कॅनर लावला, ‘एरर दाखवत नाही’ म्हणाले आणि गाडी धुऊन परत दिली. मी धुवायला आणली होती का? दुसऱ्यांदा ट्रान्सफर केसची, म्हणजे पुढच्या चाकांकडे ताकद वळवणाऱ्या गिअरपेटीची, शिफ्ट मोटर बदलली, साडेअठरा हजार. तिसऱ्यांदा म्हणे आता कंट्रोल युनिट (हे सगळं चालवणारा इलेक्ट्रॉनिक डबा) बदलू. अहो, पण गाडीखाली एक तरी माणूस शिरला का? ट्रायल कुठे घेतली, तर समोरच्या कोरड्या डांबरी रस्त्यावर! नॉबने फोर-एचला टाकायच्या अशा गाडीत सेंटर डिफरन्शियल, म्हणजे वळताना पुढच्या-मागच्या एक्सलला वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअर, नसतो. कोरड्या डांबरावर फोर-एचमध्ये वळवली की सगळा ताण गिअर आणि शाफ्टवर येतो. गाडीबरोबरच्या पुस्तकात छापलंय हे.

आज सकाळी मीच खाली झोपलो. सपाट जागा, चाकांना दगड, गाडी न्यूट्रल, इंजिन बंद. टू-एचमध्ये (फक्त मागच्या चाकांना ताकद) पुढचा प्रॉपेलर शाफ्ट, म्हणजे पुढच्या एक्सलकडे ताकद नेणारा दांडा, हाताने मोकळा फिरतो, फोर-एचला घट्ट. म्हणजे ट्रान्सफर केस आपलं काम करतेय, दोष पुढच्या हबांकडे, म्हणजे चाकं एक्सलला जोडणाऱ्या भागांकडे. ते हब व्हॅक्यूमवर, म्हणजे पंपाने नळीतली हवा ओढली की, लॉक होतात. पंपापासून नळी चाचपत निघालो, तर बॅटरीच्या ट्रेखाली वळणावर रबर तडकलेलं. दुसरं टोक बोटाने दाबून तोंडाने हवा ओढून बघितली, हवा येतेय! तडकलेला इंचभर तुकडा कापला, नळी पुन्हा बसवली. दिवा स्थिर, आणि गाडी त्याच चढावर गोण्यांसकट वर.

वीस मिनिटं लागली. वीस!

जुनी मोटर मागितली तर ‘भंगारात गेली’ म्हणाले. ती बिघडली होती हे कशावरून ठरवलं, ते मला लेखी हवंय. सोमवारी बिल आणि नळीचा तुकडा घेऊन काउंटरवर जाणार आहे. पैसे परत मिळाल्याशिवाय तिथून उठणार नाही.