‘हात बसलेला वैमानिक कुठल्याही कॉकपिटात चालतो’ हे खरं नाही

विमान अपघाताची बातमी आली की हा मजकूर फिरू लागतो: ‘यंत्रं सगळीकडे सारखीच. हात बसलेला वैमानिक कुठल्याही कॉकपिटात विमान सरळ ठेवतो. चुकला, तर सराव कमी पडला.’ गेलेल्या माणसावर इतक्या सहज ठपका ठेवला जातो, याचा मला राग येतो.

यंत्रं सारखीच? विमान किती कललंय हे दाखवणारं कृत्रिम क्षितिजच बघा. पाश्चात्त्य विमानांत त्यावरचं छोटं विमान जागच्या जागी राहतं आणि क्षितिजाची रेघ कलते. जुन्या सोव्हिएत विमानांत रेघ आडवीच राहते, कलतं ते छोटं विमान. 14 सप्टेंबर 2008 रोजी रशियात पर्मजवळ एरोफ्लोटचं बोइंग 737 रात्री ढगांत कलंडून कोसळलं. 88 जण गेले. वैमानिकांची आधीची सवय सोव्हिएत विमानांची. तपास अहवालात कॅप्टनच्या शरीरात मद्य आढळल्याची नोंद आहे, ती लपवायचं कारण नाही. पण पाश्चात्त्य धाटणीचं क्षितिज वाचण्याची तयारी अपुरी होती, हेही त्यातच आहे. हात बसलेला होताच, पण वेगळ्या चित्रावर.

सराव कमी? मग 26 ऑक्टोबर 1977 चं काय? कॅलिफोर्नियात एडवर्ड्स तळावर ‘एन्टरप्राइज’ हे नासाचं अंतराळ शटल उतरवत होते फ्रेड हेज, अपोलो 13 या चांद्रमोहिमेवर जाऊन आलेले अंतराळवीर. धावपट्टीजवळ शटलचं नाक वर-खाली डोलायला लागलं. स्टिक (विमान वळवायची दांडी) हलवली की परिणाम दिसायला उशीर होत होता. तो दिसेपर्यंत हात आणखी दुरुस्ती करून बसायचा, मग ती जास्त झाली म्हणून उलटी दुरुस्ती. स्टिक सैल सोडल्यावर डोलणं थांबलं. पुढे नासाने एफ-8 विमानावर मुद्दाम असा उशीर घालून चाचण्या केल्या आणि शटलच्या नियंत्रणात ते डोलणं दाबणारा फिल्टर बसवला. डोळ्याने पाहून हात हलायलाच सेकंदाचा काही भाग जातो. त्यात यंत्राने भर घातली, तर सरावाने ती पुरती भरून निघत नाही.

राहिला ठपका. दुसऱ्या महायुद्धात बी-17 या अमेरिकी बॉम्बफेकी विमानाचे वैमानिक उतरल्यावर फ्लॅप्सऐवजी (पंखांच्या मागच्या कडेच्या हलत्या पट्ट्यांऐवजी) चाकंच आत घ्यायचे, कारण दोन्हींचे स्विच शेजारी-शेजारी आणि एकसारखे होते. मानसशास्त्रज्ञ अल्फोन्स चॅपॅनिस यांनी एकावर चाकाच्या, दुसऱ्यावर पाचरीच्या आकाराची मूठ सुचवली. वैमानिक तेच राहिले, चूक थांबली.