प्रतिक्रियेला उत्तर: जुना ऑक्सिजन सेन्सर ठेवायचा की फेकायचा?

भाऊ, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया सडेतोड आहे आणि तिच्यातला एक मुद्दा माझ्या लेखातली खरी उणीव दाखवतो, म्हणून सविस्तर लिहितोय. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: एक्झॉस्ट बदलताना जुने ऑक्सिजन सेन्सर (धुरातला ऑक्सिजन मोजून इंजिनला मिश्रण कळवणारे) नव्या पाइपवर चढवण्याचा माझ्या लेखातला सल्ला गोव्यात चालत नाही. खाऱ्या हवेत ते गंजून बसलेले असतात, काढताना मोडतात. त्यापेक्षा स्वस्तातला युनिव्हर्सल, म्हणजे कोणत्याही गाडीला चालणारा बिनकनेक्टरचा सेन्सर, आणावा, जुन्याचा कनेक्टर कापून त्याला सोल्डर करावा, मागच्या सेन्सरला स्पेसर (त्याला पाइपपासून दूर ठेवणारा नळीसारखा तुकडा) द्यावा आणि मोकळं व्हावं. शिवाय तुमच्या गाडीत नवा पाइप घातल्यापासून पी०१४१ हा बिघाडाचा कोड येतोय, त्याबद्दलही विचारलंय.

गंजाचं मान्य. मी ‘सेन्सर काढून घ्या’ असं लिहून पुढे गेलो, जणू बाटलीचं झाकण उघडायचंय. वाळपईला राहणाऱ्या गाडीचा सेन्सर कदाचित तसा निघेलही; कळंगुट किंवा कोलव्याला रोज उघड्यावर उभी राहणारी गाडी वेगळी. पण पाइप बदलतानाच तुमच्या हाती एक सोय असते, जी नुसता सेन्सर बदलणाऱ्याला नसते: जुना पाइप जाणारच आहे, त्यामुळे त्याचे आटे वाचवायची गरज नाही.

म्हणून गाडीखाली झोपून सेन्सरशी झटापट करू नका. आदल्या रात्री आट्यांच्या मुळाशी गंज सोडवणारा स्प्रे मारा. दुसऱ्या दिवशी आधी कनेक्टर सोडवा, वायर क्लिपांतून मोकळी करा आणि सेन्सरसकट पाइप खाली उतरवून व्हाइसमध्ये धरा. सेन्सरला २२ मिमीचा षटकोन असतो. वायरसाठी खाच असलेला खास सॉकेट मिळतो, पण जाम झालेल्या सेन्सरवर ती खाच फाकते आणि कडा गोल होतात. बंद रिंग पाना वायरवरून घालता आला तर तोच उत्तम. हलला नाही तर गॅस टॉर्चने सेन्सर नव्हे, त्याच्याभोवतीचं पाइपवरचं जाड कडं तापवा. ते लालसर झालं की बाहेर फैलावतं आणि पकड सुटते. थोडं सैल करा, थोडं परत आवळा, पुन्हा सैल करा. एका दमात ओढलं तर आटे सोलून येतात. इम्पॅक्ट गन नकोच. आत सिरॅमिक आहे, बाहेरून धडधाकट दिसणारा सेन्सर आतून तडकलेला निघतो. खाली फरशीवर पडलेल्या सेन्सरचंही तेच.

एवढं करूनही नाही आला तर ग्राइंडरने ते कडं उभं कापा, आट्यांना पातं लागेल न लागेल इतकं खोल, आणि कापात छिन्नी घालून फाकवा. सेन्सर हाताने फिरतो. नुकसान भंगारात जाणाऱ्या तुकड्याचं. मात्र त्याच पाइपमध्ये कॅटकॉन (धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) असेल तर तो भंगारवाल्याला नुसत्या लोखंडाच्या वजनावर देऊ नका; आत प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असतं. माझा सल्ला, तो घरीच ठेवा. कारण स्पेसरच्या मुद्द्यावर खाली येतंच.

आता निघालेला सेन्सर जिवंत आहे का? तुम्ही म्हणता, निघाला तरी मेलेलाच. हे डोळ्यांनी ठरवायचं काम नाही, मीटरने ठरवायचं आहे. साध्या चार वायरी सेन्सरात आधी त्याला तापवणारा आतला हीटर तपासा: हीटरच्या दोन वायरींमध्ये, थंड असताना, २ ते १५ ओहमच्या दरम्यान काहीतरी यायला हवं. मीटर काहीच दाखवत नसेल तर हीटर तुटला, विषय संपला. मग सेन्सर शरीराजवळ व्हाइसमध्ये धरा, मीटर २ व्होल्ट डीसीवर ठेवा, लाल टोक सिग्नलला आणि काळं ग्राउंडला. गॅस टॉर्चच्या निळ्या ज्योतीत फक्त टोक धरा, वायरीकडचा भाग नाही. टोक मंद लाल झालं की ०.८ व्होल्टच्या वर आकडा जायला हवा, कारण ज्योतीच्या आत ऑक्सिजन नसतो. ज्योत बाजूला केली की दोनेक सेकंदांत ०.२ च्या खाली यायला हवा. आकडा वर जातो पण रेंगाळत खाली येतो, तो सेन्सर म्हातारा झाला. काळी काजळी या तापाने जळून जाते आणि कधी कधी सुस्त वाटणारा सेन्सर यानेच तरतरीत होतो. टोकावर पांढरी, खडूसारखी भुकटी असेल तर ते सिलिकॉन. ते ना ज्योतीने जातं, ना पेट्रोलात बुडवून, ना आम्लाने. अशा सेन्सरवर वेळ घालवू नका, पण ते सिलिकॉन आलं कुठून हे शोधा. बहुतेकदा कुणीतरी गास्केटला साधा आरटीव्ही, म्हणजे ट्यूबमधला सिलिकॉन सीलंट, चोपडलेला असतो.

पाच वायरींचा वाइडबँड (मिश्रणाचं नेमकं प्रमाण मोजणारा सेन्सर) मात्र ज्योतीवर असा तपासता येत नाही. त्याला स्कॅनरच हवा.

माझा हिशेब असा आहे. पुढचा, म्हणजे कॅटकॉनच्या आधीचा, सेन्सर हवा-पेट्रोलाचं मिश्रण ठरवतो. तो १ लाख ते १.६ लाख किलोमीटरच्या पुढे गेला असेल तर चाचणीत पास झाला तरी नवा घ्यावा, कारण तो सुस्तावला की पेट्रोल जास्त जातं आणि नव्या सेन्सरची किंमत तिथेच जळते. मागचा सेन्सर मुख्यतः कॅटकॉनवर नजर ठेवतो, त्याच्यावर ताण कमी; तो वाचवावा, किंवा समोरून ठोकलेल्या कमी चाललेल्या गाडीचा, कनेक्टर आणि वीतभर हार्नेससह (गाडीकडच्या वायरींसह) घ्यावा. पुढचा सेन्सर भंगारातून कधीच घेऊ नये. नवा घेताना गाडीच्या कंपनीच्या खोक्यातलाच घ्यायची गरज नाही. षटकोनावर किंवा शरीरावर कोरलेला क्रमांक वाचा. बॉशचा असेल तर तो ० २५८ ने सुरू होतो. त्याच क्रमांकाने बॉश, डेन्सो, एनटीके यांपैकी मूळ बनवणाऱ्याचा भाग शोधला तर पैसे तिथे खरे वाचतात.

युनिव्हर्सलला माझा विरोध नाही, पण तो जोडण्याच्या पद्धतीला आहे. पहिली गोची रंगांची. बॉश आणि एनटीकेमध्ये दोन पांढऱ्या वायरी हीटरच्या, काळी सिग्नलची, करडी ग्राउंडची. डेन्सोमध्ये दोन काळ्या हीटरच्या, निळी सिग्नलची आणि पांढरी ग्राउंडची. म्हणजे एकाकडची हीटरची पांढरी दुसऱ्याकडे सिग्नल ग्राउंड. ‘पांढऱ्याला पांढरी’ करणाऱ्या फिटरने ईसीयूच्या (इंजिनच्या संगणकाच्या) नाजूक वायरीत १२ व्होल्ट सोडले की सेन्सरची किंमत आठवायला वेळ मिळत नाही. दुसरी गोची सोल्डरची. तुम्ही लिहिलंय, सोल्डर क्रिंपपेक्षा (पक्कडीने दाबून केलेल्या जोडापेक्षा) मजबूत. जोड म्हणून असेल. पण हा सेन्सर आतल्या धुराची बाहेरच्या हवेशी तुलना करतो आणि अनेक सेन्सरांत ती बाहेरची हवा वायरीच्या तारांमधल्या फटींतूनच आत जाते. सोल्डर आणि फ्लक्स त्या फटींत शिरला की वाट बंद, आणि सिग्नल हळूहळू खाली सरकतो. पहिल्या आठवड्यात सगळं छान असतं, म्हणूनच दोष सोल्डरवर जात नाही. चांगल्या पक्कडीने क्रिंप करा, चारही जोड एकाच ठिकाणी न ठेवता पुढेमागे ठेवा, वर हीट श्रिंक, म्हणजे तापवल्यावर आवळणारी नळी.

याच कारणाने पावसाळ्याआधी कनेक्टरमध्ये ग्रीस किंवा सिलिकॉन भरण्याची आपल्याकडची सवय वाईट. पाण्यापासून वाचवायचं तर कनेक्टर मूळ क्लिपवर उंच ठेवा आणि वायर त्याच्याखाली थोडी लोंबू देऊन मग वर न्या, म्हणजे पाणी खालच्या वळणावरून गळून जाईल. वाइडबँडचा कनेक्टर तर कापूच नका. कॅलिब्रेशनचा रेझिस्टर त्या कनेक्टरमध्येच असतो, तो त्याच सेन्सरचा असतो. नव्या पाइपमुळे वायर कमी पडली तर दोन्ही टोकांना योग्य कनेक्टर असलेली जोडवायर करून घ्या.

नव्या पाइपवर सेन्सरसाठी जो नट वेल्ड करतात, ज्याला सगळे बंग म्हणतात, त्याचे आटे एम १८, पिच १.५ मिमी. वेल्डिंगच्या वेळी त्यात जुना सेन्सर नव्हे, त्याच मापाचा बोल्ट घालून ठेवा. नाहीतर उष्णतेने आटे वाकडे होतात. गाडीवर वेल्डिंग असेल तर बॅटरी सोडवा. बंग पाइपच्या वरच्या अंगाला, घड्याळाच्या १० ते २ या काट्यांमध्ये. आडव्याच्या खाली लावलेला सेन्सर आपल्या दमट हवेत, छोट्या फेऱ्यांवर, पाइपात साचणाऱ्या पाण्याने तडकतो: थंड थेंब आणि तापलेलं सिरॅमिक. पुढचा सेन्सर इंजिनपासून मूळ अंतरावरच ठेवा. काढलेला सेन्सर दुसऱ्यांदा लावताना आट्यांना निकेलचं अँटी-सीझ (आटे जाम होऊ न देणारं वंगण), टोकाला अजिबात नाही, आणि ४० ते ५० न्यूटन मीटर इतकंच आवळा. पुढच्या वेळी तुम्हाला छिन्नी लागू नये म्हणून हे.

स्पेसरबद्दल मत बदलणार नाही. तो सेन्सर धुराच्या प्रवाहातून मागे ओढतो आणि कॅटकॉन नसल्याचं किंवा मेल्याचं झाकतो. अनेक गाड्यांत मागचा सेन्सर मिश्रणात बारीक सुधारणाही करतो, ती चुकते. पीयूसीचं यंत्र शेपटीतला, म्हणजे पाइपच्या मागच्या टोकातला, वायू मोजतं, त्याला स्पेसर फसवू शकत नाही. बीएस-४ पासूनच्या पेट्रोल गाडीची लॅम्डा (हवा-पेट्रोलाच्या मिश्रणाचं माप) २५०० आरपीएमच्या आसपास ०.९७ ते १.०३ मध्ये यावी लागते. प्रदूषणाची मर्यादा मोडली तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० (२) खाली २०१९ पासून १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, आणि परवाना ३ महिने जातो. पाइप बदला, कॅटकॉन ठेवा.

आता तुमचा पी०१४१. हा मागच्या सेन्सरच्या हीटरच्या सर्किटचा कोड आहे, म्हणजे वीज. धुराशी संबंध नाही, त्यामुळे स्पेसर लावूनही तो जाणार नाही. तुम्ही युनिव्हर्सल लावला असेल तर मला पहिला संशय हीटरचा ओहम मूळच्यापेक्षा वेगळा असण्याचा. ईसीयू करंट मोजतो आणि तक्रार करतो. मूळचाच असेल तर आधी फ्यूज, मग वायर नव्या पाइपला टेकून वितळली का, ओढ बसून पिन मागे सरकली का. पावसाळ्यात उंदराने कुरतडलेली वायरही निघते. इंजिन चालू ठेवून हार्नेसच्या बाजूला हीटरच्या एका पिनवर बॅटरीइतका व्होल्टेज मिळायला हवा.

आणि एक. कोड पुसून गाडी चालवल्यावर स्कॅनरवर लाँग टर्म ट्रिम (ईसीयूने पेट्रोलात कायमची केलेली वाढ-घट) अधिक ४-५ टक्के किंवा थोडं जास्त दिसलं तर सेन्सरला दोष देऊ नका. पंपावर आता ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, आहे. शुद्ध पेट्रोलला हवेचं प्रमाण १४.७, ई२० ला साधारण १३.५. जुन्या गाडीचा सेन्सर ते ओळखून पेट्रोल वाढवतो, म्हणजे तो काम करतोय. त्याहून बरंच जास्त असेल तर नव्या गास्केटची गळती बघा: शेपटीतून व्हॅक्यूम क्लीनरची हवा उलटी सोडा आणि जोडांवर साबणाचं पाणी मारा.

हीटरचे ओहम किती आले आणि वायरींचे रंग कोणते, एवढं लिहून कळवा.