‘एका ग्रेपचं काम’ म्हणणाऱ्या वाचकाला उत्तर

लिनक्स सर्व्हरवर ‘सुडो’ (रूट, म्हणजे सर्वाधिकारी खात्याच्या अधिकाराने आज्ञा चालवायची सोय) कुणाच्या हाती आहे हे रोज रात्री चाचणीने तपासा, असं मी लेखात लिहिलं होतं. त्यावर निपाणीहून आलेली प्रतिक्रिया इतरांसाठी थोडक्यात (‘ग्रेप’ म्हणजे फाइलीत शब्द शोधायची आज्ञा): “सुडो ग्रुपात कोण आहे ते एका ग्रेपने कळतं. रोज रात्री चाचण्या चालवायचं खूळ मोठ्या कंपन्यांचं, आपल्या चार सर्व्हरांना कशाला? शिवाय लेख पाल्हाळिक. आधी शिका, मग शिकवा.”

पाल्हाळिक, हे मान्य. युझरमॉडचा (खात्याचे ग्रुप बदलणारी आज्ञा) परिच्छेद निम्म्यात आटोपला असता. पण ‘खूळ’? ‘आधी शिका’? साहेब, मतभेद असू देत, पण ही कुठली बोलायची रीत? बेळगावच्या उद्यमबागेतल्या कारखान्यांचे सर्व्हर मी वर्षानुवर्षं सांभाळतोय, मोठ्या कंपनीचं वारं मला लागलेलं नाही.

आता तुमचं ग्रेप. /ईटीसी/ग्रुप या ग्रुपांच्या फाइलीच्या चौथ्या रकान्यात फक्त जादा म्हणून जोडलेले सभासद असतात. ज्याचा प्राथमिक ग्रुपच सुडो, तो तिथे येतच नाही. तो /ईटीसी/पासडब्ल्यूडी या खात्यांच्या फाइलीत, चौथ्या रकान्यातल्या ग्रुप-क्रमांकात बसलेला असतो. डेबियन या लिनक्सवर सुडोचा जीआयडी (ग्रुपचा क्रमांक) 27. ग्रुपच्या फाइलीत ओळ दिसते ‘सुडो:एक्स:27:’, पुढे रिकामं, म्हणून तुम्ही निर्धास्त. इकडे पासडब्ल्यूडीत ‘स्कॅनर:एक्स:1004:27’ अशी ओळ, आणि सुडोअर्स या नियमांच्या फाइलीतला ‘%सुडो’चा (सुडो ग्रुपाचा) नियम त्या स्कॅनरला बिनदिक्कत लागू. ‘गेटएंट ग्रुप सुडो’ (‘गेटएंट’ म्हणजे या नोंदी विचारायची आज्ञा) केलंत तरी स्कॅनर दिसणार नाही.

म्हणून चाचणी खात्यापासून सुरू करायची, ग्रुपापासून नव्हे. ‘गेटएंट पासडब्ल्यूडी’मधून नावं घ्या, प्रत्येकावर ‘आयडी -एनजी’ (खात्याचे सगळे ग्रुप सांगते, ‘जी’ मोठ्या लिपीतला) चालवा, निकाल सॉर्ट करून गिटमधल्या (बदलांची नोंद ठेवणारी प्रणाली) मंजूर यादीशी डिफ करा, म्हणजे ताडून बघा. फरक निघाला की एक्झिट कोड 1, म्हणजे चाचणी नापास. लक्ष ठेवायच्या ग्रुपांत डॉकर (कंटेनर, म्हणजे वेगळ्या कप्प्यात प्रोग्राम चालवणारं) आणि डिस्क हवेतच. डॉकरवाला अख्खी ‘/’ (सर्व्हरची मूळ डिरेक्टरी) कंटेनरात माउंट करून रूट होतो, डिस्कवाला थेट ब्लॉक डिव्हाइस, म्हणजे कच्ची डिस्कच वाचतो. दोघांनाही सुडो लागत नाही! मशीन एसएसएसडी या सेवेने एडीला (ॲक्टिव्ह डिरेक्टरी, कंपनीची मध्यवर्ती खाती) जोडलेलं असेल तर नुसतं ‘गेटएंट पासडब्ल्यूडी’ एडीची खाती देत नाही, कारण एन्युमरेशन (सगळी खाती एकदम देणं) मुळात बंद असतं. तिथे एडीचा ग्रुप नाव घेऊनच विचारायचा.

आणि ‘रोज रात्री कशाला’ म्हणता? ‘युझरमॉड -जी’ला ‘-ए’ लावायचं राहिलं की आधीचे सगळे जादा ग्रुप उडतात, चूक झाल्याचा निरोपही येत नाही. (इथला ‘जी’ मोठ्या लिपीतला, छोट्याने प्राथमिक ग्रुपच बदलतो. वरचा स्कॅनर असाच घडतो.) उलट, ग्रुपातून काढलेल्याचं टीमक्स (लॉगआउटनंतरही चालू राहणारं टर्मिनल) चालूच असेल तर त्याचा अधिकार तसाच राहतो. ‘आयडी’ला नाव दिलं की ते डेटाबेस बघतं, चालू प्रोसेस नाही. त्यासाठी /प्रॉकमधल्या (चालू प्रोसेसांची माहिती देणारी डिरेक्टरी) त्या प्रोसेसच्या ‘स्टेटस’ फाइलीतली ‘ग्रुप्स’ ओळ बघा.

चार सर्व्हर की चाळीस, यावर वाद घालत बसायला मला वेळ नाही. तुमच्या डेबियनवर पासडब्ल्यूडीच्या चौथ्या रकान्यात 27 आणि 0 (रूटच्या ग्रुपचा क्रमांक) शोधा. रूटशिवाय कुणी निघालं तर इथेच लिहा, फक्त जरा नीट भाषेत.