हिच्यावर पिवळा बरा दिसत नाही ओ

परवा एक मायलेकी ब्लाऊजचं माप द्यायला आल्या. लेकीचं लग्न डिसेंबरात. पिशवीतनं शालू निघाला, सीमांतपूजनाची पैठणी निघाली, आणि हळदीची म्हणून जी साडी निघाली ती क्रीम. मी म्हटलं, "हळदीला क्रीम?" तर आई लेकीच्या देखत म्हणाली, "हिच्यावर पिवळा बरा दिसत नाही ओ. अजूनच काळी दिसते."

लेक माझ्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत उभी. महिना जुनाच होता, पान उलटायचं राहून गेलेलं, वाचण्यासारखं त्यात काही नव्हतं. असं बघणं मला चांगलं ठाऊक आहे. मी स्वतः कितीतरी वर्षं अशीच कुठल्या ना कुठल्या कॅलेंडरकडे बघत उभी राहिले आहे.

तर ही पोस्ट त्या पिवळ्यावर. लांब होणार आहे, आधीच सांगते.

मी जुळे सोलापुरात घरीच ब्लाऊज शिवते, बावीस वर्षं झाली. वडील पूर्व भागात एका डाईंगमध्ये रंगमास्तर होते. चादरी-टॉवेलचं सूत रंगवायचे. संध्याकाळी ते जेवायला बसले की नखांवरून कळायचं आज कुठला लॉट निघाला. म्हणजे घर रंग कळणाऱ्यांचं. आणि त्याच घरात आत्या मला सांगायची, "सावळ्या माणसानं भडक घालू नये गं, डोळ्यात खुपतं." मग माझ्या वाट्याला काय? बिस्किटी. फिका गुलाबी. पिस्ता. मोतिया. दहावीच्या निरोप समारंभाला मी पिस्ता रंगाची साडी नेसले होते. तो फोटो बघून माझ्या मुलानं विचारलं होतं, "आई, तेव्हा तुला कावीळ झाली होती का?"

हिशेब असा, की फिका रंग घातला की माणूस उजळ दिसतो. सगळ्या सोलापुरात हाच हिशेब चालतो. साडीच्या दुकानात गादीवर बसलात की सेल्समन पदर तुमच्या खांद्यावर टाकून पहिलं वाक्य हेच म्हणणार, "ह्यात उजळ दिसता बघा ताई." गंमत म्हणजे हा हिशेब चुकीचा आहे. नीतीनं चुकीचा आहेच, ते पुढे बोलू. आधी तो गणितानंच चुकीचा आहे.

बाबा एक खेळ दाखवायचे. एकाच लडीचे दोन तुकडे. एक पांढऱ्या कापडावर ठेवायचा, एक काळ्यावर. सूत एकच, पण पांढऱ्यावरचा तुकडा गडद दिसतो आणि काळ्यावरचा उजळ. डोळा रंग एकटा बघतच नाही, शेजारी कोण बसलंय ते बघून ठरवतो. आपली जेकॉर्ड चादर उलटी करून बघा. वरच्या बाजूला जे मरून फूल क्रीमवर असतं, तेच खालच्या बाजूला क्रीम फूल होऊन मरूनवर येतं. सूत तेच, सुताचा कोनही तोच. तरी दोन्हीकडचा मरून तुम्हाला सारखा वाटणार नाही.

आता हे चेहऱ्याला लावा. सावळ्या चेहऱ्याखाली फिकी क्रीम साडी आली की चेहरा उजळत नाही, उलट गडद दिसतो. म्हणजे आत्याचा उपाय तिच्याच उद्देशाच्या उलट काम करत होता आणि मी वीस वर्षं तो औषधासारखा घेत होते.

हे बाबांनी शोधलं नव्हतं अर्थात. फ्रान्समध्ये शेव्हरल नावाचा एक रसायनशास्त्रज्ञ होऊन गेला. पॅरिसच्या गोबेलँ कारखान्यात, जिथे भिंतीवर लावायची मोठमोठी विणलेली चित्रं बनायची, तिथे तो रंगखात्याचा प्रमुख होता. त्याच्याकडे तक्रार आली की काळं सूत कच्चं निघतंय, निळ्या-जांभळ्याशेजारी विणलं की मरगळतं. त्यानं सूत तपासलं. काळा पक्का होता. दोष शेजारच्या रंगांचा होता. मग त्यानं वर्षानुवर्षं तोच नाद घेतला आणि १८३९ साली जाडजूड पुस्तक काढलं. त्यात चादर-गालिच्यांबरोबर बायकांच्या कांतीला कुठल्या रंगाचे कपडे आणि टोप्या शोभतात हेही लिहिलंय! पुढे तो १०२ वर्षं जगला. "मास्तर, काळा कच्चा निघाला" ही तक्रार आमच्या दारात रात्री साडेनऊला यायची, त्यामुळे हा माणूस मला घरचाच वाटतो.

मग आजकाल मोबाईलवर जे चाललंय ते. माझी भाची पुण्यात असते. मागच्या महिन्यात तिचा फोन, "मावशी, मी विंटर निघाले." मला वाटलं सर्दी झाली. नंतर कळलं की माणसांचे चार ऋतू असतात. योहानेस इटेन नावाच्या स्विस चित्रकाराच्या लक्षात आलं होतं की विद्यार्थ्यांना मोकळं सोडलं की ते स्वतःच्या कांतीशी, केसांशी जुळणारेच रंग निवडतात. रंगांच्या ऋतूंची कल्पना तिथून पुढे आली. १९८० च्या सुमारास अमेरिकेत त्याचा मोठा धंदा झाला. तू वसंत, तू ग्रीष्म, तू शरद, तू हिवाळा, हे घे तुझ्या रंगांचं पाकीट. आता कोरियातून ते परत आलंय.

आपल्याकडे ऋतू तीन. उन्हाळा, जास्त उन्हाळा आणि गड्डा, म्हणजे संक्रांतीतली सिद्धेश्वराची जत्रा. पण ते सोडा. खरी अडचण अशी की ती वाटणी केली तिकडच्या माणसांवरून, जिथे केस पिवळे, तांबडे, तपकिरी आणि डोळे निळे-हिरवे असतात. आपल्याकडे केस काळे, डोळे काळे. त्या जुन्या पद्धतीनं पाहिलं तर अख्खी मंगळवार पेठ हिवाळ्यात. मग निवडलं काय? मनगटाच्या नसा बघा, निळ्या की हिरव्या, असंही सांगतात. माझ्या निम्म्या गिऱ्हाइकांच्या नसा दिसतच नाहीत. सोनं शोभतं की चांदी, ही दुसरी परीक्षा. सोन्यात वाईट दिसणारी बाई मला अजून भेटायची आहे.

म्हणून मी त्यातलं बी तेवढं ठेवलंय आणि साल टाकून दिलीय. कातडीचा रंग मेलॅनिनमुळे येतो, त्यात आतलं रक्त मिसळतं. दोन बायका सारख्याच सावळ्या असतात, पण एकीच्या सावळ्यात पिवळसर झाक असते, दुसरीच्या तांबूस, तिसरीच्या थोडी हिरवट. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४३-४४ वर जातो तेव्हा गाडीवरून फिरणारी बाई दोन शेड गडद होते, पण ही झाक सहसा तीच राहते. रंग निवडायचा तो झाकेवरून. गोरी, निमगोरी, गव्हाळ, सावळी ही जी उतरंड आपण पाठ केलीय ना, ती पत्रिकेत लिहायच्या कामाची. कापड निवडताना तिचा उपयोग नाही.

माझ्याकडे एक बोचकं आहे. टू बाय टूच्या, म्हणजे ब्लाऊजच्या कापडाच्या, उरलेल्या तुकड्यांचं. त्यात प्रत्येक रंगाची दोन-दोन भावंडं ठेवलीत. हळदी आणि लिंबू. राणी आणि गाजरी. विटकरी आणि मरून. मोरपंखी आणि आकाशी. पांढराशुभ्र आणि मोतिया. बाई आली की तिला पूर्वेच्या खिडकीशी बसवते, केस मागे, पावडर पुसून. सकाळी, दहा-अकराच्या आत. ट्यूबखाली नाही. बाबाही दिवेलागणीनंतर शेड मॅच करायचे नाहीत, मालक कितीही ओरडला तरी. दिव्याखाली जुळलेली दोन सुतं सकाळच्या उजेडात वेगळी निघतात, कारण दोन्ही वेगवेगळ्या डायनी रंगवलेली असतात. साडी घेताना म्हणूनच दुकानाच्या पायरीवर आणून बघायची. सेल्समन म्हणेल, "काय बघालालाव ओ एवढं?" म्हणू दे.

तुकडा हनुवटीखाली धरायचा आणि कापडाकडे बघायचं नाही. हे सगळ्यांना अवघड जातं. डोळ्यांखाली बघायचं, ओठांच्या कडेला बघायचं. कापडावर पडलेला उजेड उलटा चेहऱ्यावर येतो. झगझगीत पोपटी धरलात तर हनुवटीखाली पोपटी उतरतो. एका तुकड्याला डोळ्यांखालची काळी वर्तुळं उठून येतात, त्याच्याच भावंडाला ती विरतात. लिंबू धरला की बाई आजारी, हळदी धरला की तीच बाई दुपारची झोप काढून आल्यासारखी.

आणि इथे मला मराठीचं कौतुक वाटतं. आपल्याकडे "खुलून दिसणं" असा शब्द आहे. खुलणं म्हणजे उजळणं नव्हे. कळी खुलते, गाणं खुलतं, दुपारी पावसानंतर आभाळ खुलतं. काळी बाई काळीच राहून खुलते. हा शब्द आपल्या आज्यांच्या तोंडी होता आणि दुकानाच्या गादीवर येईपर्यंत त्याचा "उजळ" कधी झाला कळलं नाही.

फोटोवाल्यांचंही तेच. एका नवरीचा अल्बम पाहिला, तिला एवढी गोरी केली होती की मी शिवलेला डाळिंबी ब्लाऊज त्यात कुल्फीच्या रंगाचा झाला होता. माझी दोन दिवसांची पायपिंग वाया.

रंग कसा बसतो हे फुकटात बघायचं असेल तर संक्रांतीला सिद्धेश्वराच्या यात्रेत अक्षता सोहळ्याला उभं राहा. सात नंदीध्वज, आणि हजारो पुरुष पांढऱ्या बाराबंदीत. रंग एकच, तोंडं सगळ्या छटांची. मी दरवर्षी देवाला हात जोडते आणि मग हेच बघत बसते, देव माफ करो. नव्या कापडाचा पांढरा निळसर असतो, उन्हात अजून निळा मारतो. तो तांबूस काळ्या रंगावर असा काही तेजाळतो की बघत राहावं. पिवळसर गव्हाळ माणसाला मात्र तो खाऊन टाकतो. त्याच माणसाच्या वडिलांची, धुऊन धुऊन दुधावर आलेली जुनी बाराबंदी त्याला दिली तर? तो राजा दिसेल. पुरुषांना हे कुणी सांगत नाही. ते बिचारे फिकट निळा शर्ट घेऊन ऑफिसला जातात आणि तसेच रिटायर होतात.

नवरात्राच्या नऊ रंगांवर बोलले तर अर्ध्या मैत्रिणी अनफ्रेंड करतील. एवढंच म्हणते, करड्या रंगाच्या दिवशी रूपाभवानीच्या रांगेत किती जणी थकलेल्या वाटतात ते बघा. त्या थकलेल्या नसतात.

न शोभणारा रंग आवडतच असेल तर? नेसा की. निऱ्यांचा रंग चेहऱ्यापर्यंत पोचत नाही. चेहऱ्याशी येतो तो ब्लाऊज आणि पदर. इरकल काढणाऱ्यांना हे किती आधी कळलं होतं! साडीचं अंग काळं असो, हिरवं असो, जांभळं असो, पदर आपला लाल-पांढरा. साडी कुठलीही घ्या, तोंडाशी लालच. म्हणून इरकल सहसा कुणाला वाईट दिसत नाही. त्यामुळे फिक्या साडीवर ब्लाऊज मॅचिंगच हवा हा हट्ट सोडा. मॅचिंग सेंटरमध्ये तासभर शेडसाठी भांडण्यापेक्षा काठातला गडद रंग उचला.

आणि केसांना मेंदी लावणाऱ्या माझ्या सगळ्या काकूंनो, केस नारिंगी झाले की हिशेब नव्यानं मांडावा लागतो. राणी रंग त्या केसांशी भांडतो. आमसुली घ्या, विटकरी घ्या, गडद मेंदी घ्या. ज्यांनी रंगवणं सोडून पांढरे ठेवलेत त्यांना काळ्या चंद्रकळेपेक्षा जांभळी किंवा गडद निळी बघा, काळा हनुवटीखालच्या सावल्या वाढवतो.

"ज्याला जे आवडेल ते त्यानं घालावं" अशी कमेंट येणार, मला माहीत आहे. मान्य. पण आवड तरी आपली असते का, हे मला नक्की सांगता येत नाही. मला पिस्ता आवडतो असं मी कॉलेजात शपथेवर सांगितलं असतं.

तर त्या मायलेकी. मी बोचकं सोडलं. संध्याकाळ होती म्हणून त्यांना दुसऱ्या दिवशी सकाळी परत बोलावलं, आल्या बिचाऱ्या. मी आईला विचारलं, "आषाढीला जाता ना पंढरपूरला?" म्हणाली, "दरवर्षी. सासऱ्यांपासूनची वारी आहे."

"मग विठोबाच्या कमरेला काय असतं?"

"पितांबर."

"आणि विठोबा कसाय?"

ती थोडा वेळ गप्प. मग म्हणाली, "तो देव आहे ओ. त्याचं लग्न जमवायचं नसतं."

ह्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजूनही नाही. मी नुसता लिंबू तुकडा लेकीच्या हनुवटीखाली धरला. तिघींनाही कळलं की आई ह्यालाच पिवळा म्हणत होती आणि ह्यात ती खरंच बरी दिसत नव्हती. मग हळदी धरला. मग त्याहून पुढचा, झेंडूकडे झुकणारा. मुलीनं आरशात पाहिलं, आणि तिनं स्वतःच केस आणखी मागे ओढले, नीट दिसावं म्हणून. आई तुकडा हातात घेऊन चोळून बघत राहिली, जणू कापडाची प्रत तपासतेय. जाताना म्हणाली, "क्रीमची तुम्ही ठेवून घ्या, पाठराखणीला कुणी नेसेल. अशा पिवळ्यात कुठं मिळेल, नवी पेठेत?"

क्रीम साडी माझ्या टेबलावर आहे. तिच्याखाली माझी स्वतःची डाळिंबी साडी आहे, गेल्या दिवाळीची. तिचा ब्लाऊज अजून बेतलेला नाही. गिऱ्हाइकांचं आधी, असं मी सगळ्यांना सांगते.