सहाण भिंतीला उभी

आज दुपारी रुग्णालयातून परत आल्यापासून मनात जे साचले आहे, ते लिहिल्याशिवाय झोप लागणार नाही, म्हणून लिहीत आहे. पोस्ट लांबणार आहे.

माझे मामा चार दिवसांपासून रुग्णालयात आहेत. वय 69, निवृत्त शिक्षक, आयुष्यभर निर्व्यसनी, पहाटे उठून टेकडीवर चालायला जाणारा माणूस. तीन आठवडे त्यांना ओकाऱ्या होत होत्या, पोट साफ होत नव्हते, कितीही पाणी प्यायले तरी घशाची कोरड जात नव्हती, आणि मागच्या शुक्रवारी त्यांनी स्वतःच्या नातवाला माझ्या भावाच्या नावाने हाक मारली तेव्हा मामींचा धीर सुटला. तपासणीत रक्तातले कॅल्शियम प्रमाणाबाहेर वाढलेले निघाले आणि त्यामुळे मूत्रपिंडांवरही परिणाम झालेला दिसला. गुडघे दुखतात म्हणून वर्षाच्या सुरुवातीला त्यांना ‘ड’ जीवनसत्त्वाच्या पुड्या लिहून दिल्या होत्या. एक पुडी 60,000 युनिटची, आठवड्यातून एकदाच, दुधातून, आणि तेही आठच आठवडे. मामांना दुसऱ्या आठवड्यात बरे वाटले आणि त्यांनी ती पुडी रोज घ्यायला सुरुवात केली. कोणालाही न विचारता ते साडेतीन महिने ती घेत राहिले, आणि दुकानातूनही कोणी त्यांना अडवले नाही.

“अगं, हे औषध थोडंच आहे? उन्हातून मिळतं तेच पुडीतून घेतोय,” असे ते मला फोनवर म्हणाले होते. माणसाची रोजची गरज साधारण 600 युनिटची असते. म्हणजे शंभर दिवसांचा शिधा मामा एका दिवसात घेत होते. हे जीवनसत्त्व चरबीत विरघळणारे आहे, ते अंगात साठत जाते, जास्त झाले की रक्तातले कॅल्शियम वाढवते, आणि एकदा साठले की पुड्या बंद केल्यावरही त्याचा परिणाम कितीतरी आठवडे राहतो. आता सलाईन चालू आहे, रोज रक्त तपासले जात आहे, आणि मामांच्या त्या हसऱ्या चेहऱ्यावर जी ओळखीची खूण असायची, ती आज दुपारी कुठे थोडी परत आली.

परंतु मला राग आला तो वेगळ्याच गोष्टीचा. तिथल्या एका तरुण डॉक्टरांनी मामींना सगळ्यांसमोर सुनावले, “हे आजीबाईच्या बटव्याचे उद्योग आता बंद करा.” मामी बिचाऱ्या मान खाली घालून उभ्या राहिल्या. मला मात्र ते सहन झाले नाही. कारण ज्या आजीबाईंच्या नावाने ते बोलत होते, त्या माझ्या आजी होत्या, मामांच्या आई, आणि त्यांच्या बटव्यात अशी पुडी कधी नव्हती.

1981 सालच्या श्रावणातली गोष्ट आहे. मी आठ वर्षांची होते आणि भोर तालुक्यात आजोळी राहायला गेले होते. तिथे मला जुलाब सुरू झाले. आजीने भिंतीतल्या कोनाड्यातून बटवा काढला, सहाण धुतली, पाण्याचे चार थेंब टाकले आणि मुरडशेंगेचे आणि जायफळाचे वेढे उगाळले. वेढे ती मोठ्याने मोजत असे. जायफळाचे दोनच, कारण तिसऱ्या वेढ्याला लेकरू गुंगते, असे ती म्हणायची. मग साळीच्या लाह्या पाण्यात भिजवून, कुस्करून, गाळून, मीठसाखर घालून ते पाणी ती मला वाटीवाटीने पाजत राहिली. दिवसभर ती माझ्या अंथरुणापाशीच होती. मी किती वेळा उठले, लघवी झाली का, जीभ कोरडी आहे का, हे सगळे ती बघत होती. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिने माझ्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली. ती चटकन खाली बसली नाही, म्हणजे अंगातले पाणी फारच कमी झाले होते. आजी उठली, तिने सहाण धुऊन भिंतीला उभी केली, आणि बाहेर ओट्यावर बसलेल्या मामांना म्हणाली, “गाडी जुंप. आता हे माझ्या हातातलं राहिलं नाही.”

मामा तेव्हा 24 वर्षांचे होते. भर पावसात त्यांनी बैलगाडी जुंपली, मला घोंगडीत गुंडाळून मुख्य रस्त्यापर्यंत आणले, शेवटची एसटी पकडली आणि तालुक्याच्या दवाखान्यात नेले. रात्रभर सलाईन चालली आणि मी वाचले. आज त्याच मामांच्या हाताला सलाईन लावलेली बघून मला ते दृश्य आठवल्यावाचून राहिले नाही.

ज्यांना हे सगळे गावठी वाटते, त्यांना एवढेच सांगते की जुलाब झालेल्या माणसाला मीठ, साखर आणि पाणी मोजून पाजणे, यावरच 1971 साली पश्चिम बंगालमधल्या बोनगाव इथल्या बांगलादेशी निर्वासितांच्या छावणीत डॉ. दिलीप महालनोबिस यांनी कॉलराच्या साथीत असंख्य जीव वाचवले. एक लिटर उकळून थंड केलेले पाणी, चहाचे सहा सपाट चमचे साखर, चहाचा अर्धा सपाट चमचा मीठ हे प्रमाण आज जगभर शिकवले जाते. आजीने छावणीचे नावही ऐकले नव्हते, पण लाह्यांच्या पाण्याची तऱ्हा तिला ठाऊक होती. मात्र माझे म्हणणे लाह्यांच्या पाण्याबद्दल नाही, ते त्या भिंतीला उभ्या केलेल्या सहाणेबद्दल आहे. किती द्यायचे, किती दिवस द्यायचे आणि कधी थांबायचे, या तिन्ही गोष्टी आजीच्या औषधातच होत्या. आपण तिच्याकडून हळद घेतली, आले घेतले, गुळवेल घेतली आणि तिचे थांबणे तेवढे तिच्याबरोबर जाऊ दिले.

काल संध्याकाळी मामींबरोबर मी मामांचे कपाट उघडले, कारण डॉक्टरांनी घरात जे जे आहे ते आणायला सांगितले होते. सतरा डबे आणि बाटल्या निघाल्या. हळदीच्या अर्काच्या कॅप्सूल, अश्वगंधेच्या गोळ्या, माशाचे तेल, मोरिंगाची भुकटी म्हणजे आपला शेवगा, गुळवेलीचा रस, आवळ्याचा रस, ‘पुरुषांसाठी’ एक आणि ‘सांध्यांसाठी’ तीन वेगवेगळी मिश्रणे, आणि 2020 च्या काढ्याच्या दिवसांपासून रोज उकळले जाणारे ज्येष्ठमध. मामांना रक्तदाबाची गोळी चालू आहे. रोज भरपूर ज्येष्ठमध घेतल्याने रक्तदाब वाढतो आणि रक्तातले पोटॅशियम कमी होते, ही वैद्यकाला जुनी माहीत असलेली गोष्ट आहे. घसा बसला असता तर आजीने दोन दिवस एक काडी चघळायला दिली असती. मामा सहा वर्षे काढा पीत आहेत.

मी कधी हटकले की मामा हळदीच्या पेटंटची गोष्ट सांगायचे. अमेरिकेत 1995 साली हळदीने जखम भरते यावर पेटंट दिले गेले, आपल्या सीएसआयआरने, म्हणजे वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने, डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या काळात ते आव्हान देऊन 1997 साली रद्द करवले. मलाही त्याचा अभिमान आहे. पण तो वाद होता तो जखमेवर हळद दाबण्याच्या आपल्या जुन्या रीतीचा. कॅप्सूलमधली हळद त्या रीतीतली नव्हे. हळदीतला मुख्य गुणकारी मानला जाणारा घटक म्हणजे कर्क्युमिन, तो हळदीत असतो साधारण तीन टक्के, म्हणजे चिमूटभर हळदीच्या दुधातून अंगात जाते ते नगण्य. अर्काच्या कॅप्सूलमध्ये मात्र त्याचे प्रमाण कितीतरी पट असते, शिवाय ते रक्तात शोषले जावे म्हणून काळ्या मिरीचा अर्कही घातलेला असतो. अशा गोळ्यांनी यकृताला इजा झाल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आलेल्या आहेत. सांगलीची हळद आणि ही बाटली यांचे नाव एक म्हणून गुण एक असे कोणी समजू नये.

त्या बाटल्यांवर बारीक अक्षरांत ‘नॉट फॉर मेडिसिनल यूज’ असे छापलेले आहे. औषध म्हणून वापरण्यासाठी नाही! कायद्याच्या दृष्टीने हा अन्नाचा प्रकार असल्याने तसे छापणे बंधनकारक आहे. आणि तीच वस्तू मोबाइलच्या पडद्यावर गुडघेदुखी, झोप, साखर, केस, सगळ्यासाठी विकली जाते. विकणारा माणूस एप्रनसारखा पांढरा कोट घालून बसतो. या लोकांना लाज कशी वाटत नाही? माझ्या मामांसारख्या निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या माणसाच्या महिन्याच्या चार-पाच हजारांचे त्यांना काहीच वाटत नसावे. आजीचा बटवा वर्षाला एकदा, भोरच्या बाजारातून भरला जायचा.

एक गोष्ट मान्य करते, मनाविरुद्ध. शुद्ध शाकाहारी माणसात ‘बी 12’ ची कमतरता बऱ्याचदा खरीच असते आणि गोळी घेतल्याने माणसे खरीच उभी राहतात, माझ्या सख्ख्या नणंदेचे तसे झाले आहे. पण तिचे रक्त आधी तपासले होते आणि तीन महिन्यांनी पुन्हा तपासले. आणि दुसरीही एक गोष्ट, म्हणजे माणसे डॉक्टरांकडे का जात नाहीत, ती. दीड तास बाकावर बसून चार मिनिटे मिळतात, साध्या सर्दीला प्रतिजैविके लिहून मिळतात, आणि प्रश्न विचारला की चेहरा बदलतो. मामा पुडीबद्दल विचारायला पुन्हा गेले नाहीत, याचे कारण त्यांनी मला आज सांगितले. “त्यांना घाई असते गं,” एवढेच ते म्हणाले. सर्दी आठ-दहा दिवसांत आपली आपण जाते, तिच्यासाठी सुंठ-गूळ पुरेसा आहे. वर्षावरच्या मुलाच्या खोकल्याला रात्री चमचाभर मध खरोखर आराम देतो. वर्षाच्या आतल्या बाळाला मात्र मधाचे बोटसुद्धा लावू नका. बॉट्युलिझमचा, म्हणजे मधातून जाऊ शकणाऱ्या जंतूंच्या विषाने होणाऱ्या आजाराचा धोका आहे आणि तो खरा आहे, पंगतीत कितीही काकू “आम्ही सगळे मधावरच वाढलो” म्हणाल्या तरी. हेही आजीला ठाऊक नव्हते, ती मध लावायची. तिचे सगळेच बरोबर होते असे मी म्हणत नाही. पण कातडी खाली बसली नाही, तेव्हा तिने स्वतःचा मोठेपणा बाजूला ठेवला. त्या संध्याकाळी ती आणखी एक वेढा उगाळत बसली असती, तर ही पोस्ट लिहायला मी नसते.

त्या तरुण डॉक्टरांवरचा माझा राग लिहिता लिहिता निवळला आहे. चार दिवस ते मामांच्या खाटेपाशी वारंवार येत आहेत, आज त्यांनी थांबून मामांची लघवी किती झाली हे स्वतः वहीत लिहिलेले मी पाहिले. आजीही तेच बघत बसली होती. उद्या भेटले की मी त्यांना सहाणेची गोष्ट सांगणार आहे.

दुपारी मामा जागे होते तेव्हा मी त्यांना विचारले, “त्या रात्रीचं आठवतं का तुम्हाला?” त्यांनी बराच वेळ छताकडे बघितले. मग म्हणाले, “आईनं बैलांना पाणी दाखवायलाही थांबू दिलं नाही.” आणि थोड्या वेळाने, “पिशवी आणलीस का?”

पिशवी दाराशी तयार आहे, सकाळी दहाला ती न्यायची आहे. सतराही नावे मात्रेसह कागदावर लिहिली आहेत, कोणती किती महिने चालू होती तेही मामींना विचारून लिहिले आहे. सुंठेचा आणि हिरड्याचा डबा मामींनी स्वयंपाकघरात परत ठेवला. ज्येष्ठमधाची बरणी त्यांनी हातात घेतली, माझ्याकडे बघितले, आणि तीही पिशवीत ठेवली.